टेपच्या शेवटी राहिलेला आवाज

आमच्या घरात टेपरेकॉर्डर आला तो १९८७ च्या उन्हाळ्यात, आत्याच्या लग्नाच्या आधी. वडिलांनी तो सुरतेहून आणला होता. आमचे गाव विसरवाडी, नवापूर तालुक्यातले, सुरत-धुळे रस्त्यावरचे. त्या वेळी नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. १ जुलै १९९८ पर्यंत आम्ही धुळे जिल्ह्यातच मोडत होतो. खरेदी मात्र सुरतेची असे. एका अंगाला कोंडाईबारीचा घाट, दुसऱ्या अंगाला नवापूर आणि लगेच गुजरात. मधून जाणाऱ्या हमरस्त्याला तेव्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता ५३ म्हणतात. वडिलांचे पंक्चरचे दुकान याच रस्त्यावर होते. घाट चढण्याआधी ट्रकवाले टायर ठोकून बघायला थांबत आणि त्यांच्या केबिनमधून पंजाबी, भोजपुरी, बंगाली अशी नाना तऱ्हेची गाणी ऐकू येत. गाणे बाहेरून येते, थोडा वेळ थांबते आणि पुढे निघून जाते, अशीच माझी लहानपणी समजूत होती.

घरात जे गायले जाई त्याला मी गाणे म्हणतच नव्हतो. आम्ही घरी मावची बोलतो. भिल्ली भाषांपैकी ही एक. आजी लग्नात गायची, होळीला गायची, आणि शेतात बायका ओळीने वाकलेल्या असल्या की एकीने एक ओळ टाकायची आणि दुसरीने ती उचलायची, तसेही गायची. त्यात नवरदेवाच्या आईची टिंगल असे, व्याह्याच्या कंजूषपणाची असे, पावसाची आणि सावकाराची असे. बरेचसे शब्द तिथल्या तिथे रचलेले. आत्याच्या लग्नात वडिलांनी टेपरेकॉर्डर आजीसमोर ठेवला आणि एक कोरी कॅसेट एका बाजूने पूर्ण भरून घेतली. कव्हरवर निळ्या शाईने लिहिले, 'आईची गाणी'.

ती कॅसेट मी पुसली. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल.

१९९३ साली मी तेरा वर्षांचा होतो. सुरतेच्या कापड बाजारात कामाला असलेला माझा मामेभाऊ दिवाळीला आला तो बाबा सेहगलची 'ठंडा ठंडा पानी' ही कॅसेट घेऊन. ती आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये निघालेली. माणूस गात नव्हता, बोलत होता. पण ते बोलणे ठेक्यावर असे काही चालत होते की पाय आपोआप हलावेत. दोन दिवसांनी मामेभाऊ परत जाणार होता. बाजारात जाऊन कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते. मी शेजारून दुसरा टेपरेकॉर्डर मागून आणला, दोन्ही यंत्रे समोरासमोर ठेवली आणि घरात सापडलेल्या पहिल्या कॅसेटवर भरून घेतले. बाजारातून आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटच्या मागच्या दोन बारीक खिट्ट्या आधीच मोडलेल्या असतात, त्यामुळे तिच्यावर चुकून काही भरले जात नाही. वडिलांच्या कॅसेटच्या खिट्ट्या शाबूत होत्या. कोणी मोडायच्या हे आम्हांला माहीतच नव्हते. कव्हर मी पाहिले नाही असे म्हणणार नाही. पाहिले, आणि आजी तर घरातच आहे, असे मनाशी म्हटले.

वडिलांना कळले ते पुढच्या होळीला. ते रागावले नाहीत, ती कॅसेट फक्त त्यांनी मला देऊन टाकली. आजी हसली आणि म्हणाली, पुन्हा म्हणेन की. ती त्यानंतरही बऱ्याच वेळा गायली, पण टेपसमोर नाही. १९९६ च्या पावसाळ्यात ती गेली.

रॅप नावाच्या या प्रकाराने मला एवढे का पछाडले असावे, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. एक कारण उघड आहे: त्याला गळा लागत नाही. शाळेत प्रार्थनेला मला मागच्या रांगेत उभे करीत, कारण माझा सूर लागत नसे. दुसरे कारण जिभेचे. शाळेत मराठी बोलताना माझ्या तोंडून मावचीचा हेल निघे आणि वर्ग हसे. ठेक्यावर बोलायला लागलो की मात्र हेल लपून जाई. बाबा सेहगलची हिंदी मला अवघड गेली नाही. मोठ्या माणसांना हा प्रकार थिल्लर वाटे. पण त्यांच्यापैकीच कोणी 'आशीर्वाद' या १९६८ च्या चित्रपटातले अशोककुमारचे रेलगाडीचे गाणे रेडिओवर लागले की कौतुकाने मान डोलवीत. तेही ठेक्यावरचे बोलणेच होते. त्याला कोणी रॅप म्हणत नव्हते, एवढेच.

त्यानंतर 'हम से है मुकाबला' आला. 'कादलन' या १९९४ च्या तमिळ चित्रपटाचे ते हिंदी रूप, संगीत ए. आर. रहमान यांचे. त्यातल्या रॅपचे शब्द नीट कळत नसतानाही आम्ही मुले बसस्टँडवर ते म्हणून दाखवीत असू. न कळणाऱ्या भाषेतले गाणे तोंडपाठ करण्याची सवय मला तिथून लागली.

१९९८ मध्ये, म्हणजे आमचा जिल्हा झाला त्याच वर्षी, मी शिकायला पुण्याला गेलो. वसतिगृहातल्या खोलीत एकाकडे अमेरिकन रॅपच्या कॅसेट होत्या. त्यांतला टुपाक शकूर १९९६ मध्येच, पंचविसाव्या वर्षी, गोळ्या लागून मेला होता. त्याचे छायाचित्र भिंतीवर होते. शब्द समजत नव्हते, म्हणून मी शब्दकोश घेऊन बसू लागलो. निम्मे शब्द कोशात सापडत नसत. पण 'द मेसेज' हे १९८२ चे, ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांच्या नावाने निघालेले गाणे मी महिनाभरात उलगडले. त्यात प्रेमबीम काही नव्हते. फुटक्या काचांची वस्ती, थकलेली बिले, शाळेतून उठलेली मुले आणि शेवटी तुरुंग. मी पहिल्यांदाच असे इंग्रजी वाचत होतो की ज्यातल्या माणसाला माझ्या वडिलांचे दुकान दाखवले असते, तर त्याला ते ओळखता आले असते.

मग मी या गाण्याचा गाव शोधू लागलो. न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा भाग. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने 'क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे' नावाचा महामार्ग भर वस्तीतून काढला. हजारो कुटुंबांची घरे गेली. ज्यांना परवडले ते निघून गेले, उरले ते गरीब, बहुतेक काळे आणि पोर्तो रिकोतून आलेले. पुढे घरमालकांना भाड्यापेक्षा विम्याचे पैसे सोपे वाटू लागले आणि इमारतींना आगी लागू लागल्या. अशा त्या ब्राँक्समध्ये, सेज्विक अॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्बेल नावाच्या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावे म्हणून एक नाचाचा कार्यक्रम ठेवला. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, जमेकातून आलेला. त्याला पुढे जग 'कूल हर्क' म्हणून ओळखू लागले.

हर्कने केले ते एवढेच. गाण्यात मध्येच शब्द थांबून नुसता ढोल-ताशा वाजतो, त्या तुकड्याला मुले सर्वांत जास्त नाचतात, हे त्याच्या लक्षात आले होते. तुकडा असतो काही सेकंदांचा. त्याने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. दहा सेकंदांची दहा मिनिटे झाली. आणि त्या ठेक्यावर लोक बोलू लागले. जुन्यातला एक तुकडा उचलायचा, तो फिरवत ठेवायचा आणि त्यावर आपले बोलणे मांडायचे, ही हिप हॉपची सगळी रीत. बाबा सेहगलच्या गाण्यातला तो ठेका व्हॅनिला आइस या गोऱ्या अमेरिकन रॅपरकडून आला होता, आणि त्याने तो 'क्वीन' आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या गाण्यातून उचललेला होता. म्हणजे लंडन, अमेरिका, मुंबई, सुरत अशी मजल-दरमजल करीत तो विसरवाडीला पोहोचला आणि आजीच्या आवाजावर जाऊन बसला. आमच्या भागात आज डीजे म्हणजे माणूस नव्हे, गाडी. लग्नात भिंतीएवढे खोके लादून येते ती. मूळचा डीजे हा असा दोन रेकॉर्डवर वाकलेला अठरा वर्षांचा पोरगा होता, हे कोणाला खरे वाटणार नाही.

आपल्या मराठी माणसाला यात परके असे फारसे काही वाटू नये. कलगी-तुऱ्याचे शाहीर रात्र रात्र एकमेकांना सवाल टाकीत आणि प्रतिपक्षाची फजिती करीत. आज रॅपमध्ये ज्याला 'बॅटल' म्हणतात ते याहून वेगळे नाही. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी डफावर थाप मारून गिरणगावाचे दुःख चौकात मांडले. हे सगळे मी पुण्यात वाचले, पाहिले आणि मित्रांना मोठ्या हौसेने समजावून सांगितले. पण सांगताना मला एकदाही आठवले नाही की शेतात बायका एकीने ओळ टाकून दुसरीने उचलतात तेही हेच आहे. शाहिरी मला पुस्तकात भेटली होती, म्हणून ती दिसली. आजी पुस्तकात नव्हती.

पुढे नाशिकला नोकरी लागली, लग्न झाले, मुलगी झाली. मी ऐकत राहिलो, पण आता कान वेगळे झाले होते. या संगीताची एक बाजू ओंगळ आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बायकांना वस्तू समजणारे शब्द, बंदुकीची मिजास, नशेचे कौतुक. वसतिगृहात हे मला खटकत नसे, कारण निम्मे कळत नसे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले त्यानंतर काही हिंदी-पंजाबी रॅप गाण्यांच्या शब्दांवरून देशभर वाद झाला, तेव्हा मी आपली कॅसेट-सीडीची पेटी उघडून बसलो. मुलगी तेव्हा सात वर्षांची. पेटीतला निदान तिसरा हिस्सा मी तिच्यासमोर लावू शकलो नसतो.

अनेक घरांत या टप्प्यावर रेडिओ बंद होतो आणि भांडण सुरू होते. मी बंद केला नाही, पण शेजारी बसू लागलो. मुले काय ऐकतात ते त्यांच्याबरोबर बसून ऐकावे आणि एखादा शब्द आला की हा शब्द तुझ्या वर्गातल्या मुलीबद्दल कोणी वापरला तर, असे सरळ विचारावे. मुले उत्तरे देतात. माझ्या मुलीने तर नंतर माझ्याच दोन आवडत्या गाण्यांना घरात बंदी घातली, आणि ती योग्य होती.

दरम्यान आपल्याकडेच काहीतरी नवे उगवत होते. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझीचे 'आफत' आले, आयपॅडवर चित्रित केलेले. २०१५ मध्ये त्याने आणि अंधेरीच्या डिव्हाइनने मिळून 'मेरे गली में' केले. २०१९ च्या फेब्रुवारीत झोया अख्तर यांचा 'गली बॉय' आला आणि कालपर्यंत ज्यांना रॅप म्हणजे टवाळपणा वाटे तेही तिकिटे काढून बसले. त्याआधीच, २०१८ मध्ये, अमेरिकेत केंड्रिक लमारच्या रॅप अल्बमला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. शास्त्रीय आणि जॅझ सोडून इतर संगीताला ते प्रथमच मिळत होते.

मला मात्र हलवले ते दुसऱ्याच एका गाण्याने. 'स्वदेसी' या मुंबईच्या चमूने २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' काढले. आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या हक्काचे ते गाणे, आणि त्यात आरेतलेच प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडे रात्रीतून तोडली गेली. याच चमूतला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी वळणाच्या मराठीत रॅप करतो आणि ते वळण घासूनपुसून काढीत नाही. मी वीस-पंचवीस वर्षे हिप हॉप ऐकत आलो आणि त्यातली मुख्य गोष्टच मला ऐकू आली नव्हती. ब्राँक्सच्या मुलांनी शुद्ध इंग्रजी बोलून जग जिंकले नाही. ज्याने त्याने आपल्या गल्लीची जीभ जशीच्या तशी वापरली. आणि मी त्यांची गाणी आपली जीभ लपवण्यासाठी वापरीत होतो.

कळले म्हणून वळले असे होत नाही. दोन वर्षांपूर्वी होळीला विसरवाडीला गेलो, तेव्हा बहिणीच्या मुलाने मला मोबाइलवर एक रॅप ऐकवले. मावचीतले. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बापाची वाट पाहणारा मुलगा, हा विषय. आमच्या भागातून दर वर्षी किती कुटुंबे दिवाळीनंतर बारडोली-सुरतेकडे तोडीला जातात, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. मी म्हणालो, "छान आहे रे, पण मराठीत कर. लोकांना कळायला पाहिजे."

तो म्हणाला, "मामा, तुला तरी कुठे इंग्रजी कळत होतं?"

मी गप्प बसलो. वसतिगृहात शब्दकोश घेऊन बसलेला तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आला. ब्राँक्सच्या बोलीसाठी मी महिना खर्चला, आणि आमच्या बोलीसाठी दुसऱ्या कोणी दोन मिनिटे खर्चावीत, ही अपेक्षाच मी धरली नव्हती. शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता प्रसिद्ध आहे. आमचे दुःख दुसरेच स्टेजवरून सांगतात आणि आम्ही खाली बसून ऐकतो, असा तिचा आशय. ती कविता मी भाषणांतून अनेकदा सांगितली आहे. आणि भाच्याला स्टेज मिळाले, तेव्हा कोणत्या भाषेत बोलायचे ते मीच ठरवायला निघालो होतो.

ग्रिअर्सन या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय भाषांची जी पाहणी केली, तिच्या १९०७ साली निघालेल्या भिल्ली आणि खानदेशी भाषांच्या भागात मावचीची नोंद आहे. २०११ च्या जनगणनेत भिल्ली बोलणारे एक कोटीहून अधिक मोजले गेले. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. पण अनुसूचीची वाट पाहत बसण्याची गरज नाही, हे आमच्या खानदेशनेच दाखवले आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत ते घरातल्यांनी कागदावर उतरवून ठेवले. १९५१ मध्ये त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' निघाली. उतरवून घेणारे कोणी नसते तर महाराष्ट्राला बहिणाबाई माहीत नसत्या. अशा किती गेल्या असतील, याचा हिशेब कोणाकडे नाही. त्यातली एक माझ्या हातून गेली.

ती अगदी पूर्ण गेली नाही, एवढे सांगायचे राहिले. बाबा सेहगलच्या कॅसेटची बाजू माझ्या कॅसेटपेक्षा आखूड होती. त्यामुळे रॅप संपते, खट्‌ असा आवाज येतो आणि पुढे साडेतीन मिनिटे आजी आहे, एका ओळीच्या मधूनच सुरू झालेली. लहानपणी तो भाग आला की मी टेप मागे फिरवीत असे. २०१६ मध्ये नाशिकच्या एका दुकानदाराकडून ती कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतली. बाबा सेहगलच्या मागे ट्रकचे हॉर्न आणि आमची कोंबडी ऐकू येते, आणि शेवटी आजी.

त्या होळीनंतर मी ती साडेतीन मिनिटे भाच्याला पाठवली. महिन्याभराने त्याच्या रॅपची नवी आवृत्ती आली. सुरुवातीला आजीची अर्धी ओळ आहे, सात सेकंदांची. तीच पुन्हा पुन्हा फिरते आणि तिच्यावर तो बोलतो. हर्कने दोन रेकॉर्डवर केले तेच त्याने मोबाइलवर केले होते. हर्क कोण हे त्याला माहीत नव्हते.

वाचकांना माझे सांगणे थोडके आहे. मुले जे ऐकतात त्यात आपला तिरस्कार आड येऊ देऊ नका; त्यांना जे सापडले आहे ते कदाचित आपल्याच घरातून हरवलेले असेल. आणि घरात ज्यांना गाणी येतात, ओव्या येतात, लग्नातल्या शिव्या येतात, त्यांच्यासमोर आजच मोबाइल ठेवा. कोण गाते, कोणत्या प्रसंगाचे, कोणत्या तारखेला, एवढे आधी बोलून घ्या आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. कॅसेटच्या खिट्ट्या मोडण्याचे काम आता असे करावे लागते.

यंदाच्या होळीला आम्ही आईसमोर मोबाइल ठेवला. तिला सासूची, म्हणजे आमच्या आजीची, निम्मी गाणी येतात. ती बराच वेळ त्या मोबाइलकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "यावर दुसरं काही भरणार नाहीस ना?"

नाही म्हटल्यावर तिने गळा साफ केला.